आज्ञा आणि पोच

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात एक लांबलचक मेज आहे आणि त्या मेजावर चक्क रूळ टाकलेले आहेत. या रुळांवरून एके काळी चांदीची एक लहानशी आगगाडी धावत असे. तिच्या सात डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची सात इंग्रजी अक्षरे एकेक करून बसविलेली आहेत. जेवणे आटोपली म्हणजे मद्याची स्फटिकपात्रे, चिरूट व सुका मेवा घेऊन ही गाडी पाहुण्यांच्या समोरून संथपणे फिरू लागे. एखाद्याने डब्यातील पात्र उचलले की गाडी आपोआप थांबे आणि पात्र जागेवर ठेवले की पुन्हा चालू लागे. हुकूम नाही, हाक नाही. पात्राच्या भाराने विजेचा मार्ग जोडलेला असे. पात्र उचलताच तो तुटे. पाहुण्याचा हात हाच त्या गाडीला निरोप होता.

राजवाडा बांधला जयाजीराव शिंदे यांनी, १८७४ साली. मेजावरची आगगाडी ही त्यांचे पुत्र माधवराव महाराज यांची हौस. माधवरावांचा जन्म १८७६ चा व मृत्यू १९२५ चा. यंत्रांचे त्यांना वेड होते. दोन फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्याच कारकिर्दीत भिंड, शिवपुरी व श्योपूर या दिशांना पसरली. त्यांपैकी श्योपूरचा सुमारे २०० किलोमीटरचा फाटा तर २०२० सालापर्यंत चालू होता. अशा राजाच्या मेजावरही गाडी धावावी, यात नवल नाही.

परंतु या रुपेरी गाडीची एक फजितीही प्रसिद्ध आहे. कॉलिन्स व लापिएर या लेखकद्वयाच्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या १९७५ च्या ग्रंथात ती आली आहे. व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ मेजवानी चालू असता नियंत्रणाच्या फळीत विजेचा मार्ग भलतीकडे जोडला गेला, गाड्या बेफाम सुटल्या आणि थांबण्याचे नाव न घेता त्यांनी उंची पोशाख घातलेल्या पाहुण्यांवर रस्सा व पक्वान्ने उधळली, अशी ती कथा. सांगणाऱ्यांनी तीत थोडेफार तिखटमीठ घातले असेल. पण विजेच्या शास्त्राच्या दृष्टीने तीत अशक्य असे काहीच नाही. वीज नेमून दिलेली वाट सोडून जवळची वाट धरते, तेव्हा मूळ वाटेवर बसविलेल्या सगळ्या कळी निरुपयोगी होतात. अशा वेळी गाडीचे चाक बिघडलेले नसते, रूळ वाकलेला नसतो, मोटारही उत्तम फिरत असते. बिघडलेला असतो तो केवळ निरोप.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नव्हे. आजच्या कारखान्यांत संगणकाच्या आज्ञेने चालणारी जी यंत्रे आहेत, त्यांचा मोठा आजार नेमका हाच आहे. तो समजून घ्यावयाचा तर ‘निरोप’ या शब्दाकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे.

मराठ्यांचा कारभार उत्तरेत पसरला तेव्हा पुणे आणि शिंद्यांची छावणी यांमध्ये शेकडो कोसांचे अंतर होते. महादजी शिंदे उत्तरेत आणि नाना फडणीस पुण्यात. मधला सगळा व्यवहार जासुदांच्या पायांवर. जुन्या कागदपत्रांत ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार भेटतो. एकाला वाटेत काही झाले तर दुसरा तरी पोहोचावा, या हिशेबाने जासूद जोडीने धाडीत. पत्र पावताच उत्तरात प्रथम त्याची पोच लिहावयाची, हा शिरस्ता. पोच आली नाही तर आज्ञा पाळली गेली की वाटेतच हरवली, हे कळण्यास मार्ग नसे. आज्ञा देणाऱ्याचे सामर्थ्य मोठे खरे. पण पोच नसेल तर ते आंधळे असते.

यंत्रशास्त्राचा गेल्या दोनअडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थी यंत्राला पोच द्यावयास शिकविण्याचा इतिहास होय. १७८८ साली जेम्स वॅटने वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. यंत्राचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात व वाफेची झडप थोडी मिटे. वेग कमी झाला की गोळे आत येत व झडप उघडे. यंत्राने स्वतःच स्वतःच्या वेगाची पोच द्यावयाची व त्या पोचेवरून स्वतःच सुधारावयाचे, अशी ही युक्ती. पुढे ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाचे सुकाणू माणसांच्या बळाने वळेना, तेव्हा मॅकफार्लेन ग्रे याने १८६६ साली वाफेवर चालणाऱ्या सुकाणूयंत्राचे पेटंट घेतले. कप्तानाच्या चाकाने वाफ सोडावयाची आणि सुकाणू हव्या त्या जागी आले की त्याच्याच हालचालीने ती बंद व्हावयाची. फार्को या फ्रेंच अभियंत्याने १८७३ साली या जातीच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला आणि त्यांना ‘सर्व्हो-मोटर’ हे नाव रूढ केले. लॅटिन भाषेत ‘सर्व्हुस’ म्हणजे दास. धन्याने सांगितलेले काम करून ‘झाले’ म्हणून परत सांगणारा तो सर्व्हो.

हा सेवक आपल्या देशात मोठ्या आकाराने दिसला तो पुण्याजवळ, खडकवासल्याच्या धरणावर. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्या वेळी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात अभियंता होते. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षणही पुण्याचेच. धरणाची भिंत न वाढविता त्यात अधिक पाणी साठवावे आणि पूर आला तर मात्र भिंतीला धोका न पोहोचता ते वाहून जावे, असा प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणाऱ्या व मिटणाऱ्या दरवाजांची योजना केली व १९०३ साली ती खडकवासल्यास बसविली गेली. पाणी ठरावीक पातळीवर चढले की त्यातील थोडे पाणी एका हौदात शिरे. तेथील तोल बदले आणि त्याच्या ओढीने दरवाजे उघडत. पातळी उतरली की ते पूर्ववत् मिटत. रात्री-अपरात्री पहारेकऱ्याने पावसात धावत जाण्याची गरज उरली नाही. पाणी आपल्या पातळीची वार्ता स्वतःच देऊ लागले.

हीच योजना पुढे म्हैसूर संस्थानातील कृष्णराजसागरावर आणि ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही आली. तिघरा धरण ग्वाल्हेर शहरापासून सुमारे २३ किलोमीटरवर, सांक नदीवर आहे. १९१६ साली ते बांधून झाले. उंची सुमारे २४ मीटर. शहराला पाणी पुरवावे हा हेतू. परंतु बांधकामाला जेमतेम वर्ष लोटते न लोटते तोच, १९ ऑगस्ट १९१७ रोजी दुपारी, हे धरण फुटले. पुराचे पाणी माथ्यावरून वाहू लागले होते, हे सर्वांस दिसत होते. जे दिसत नव्हते ते खाली होते. पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले होते. भिंत दगडी व भक्कम होती. पण ती ज्यावर उभी होती तो आधारच ढिला झाला आणि भिंतीचे प्रचंड खंड जागेवरून सरकले. नदीकाठच्या वस्त्यांवर पाण्याचा लोंढा आला व माणसे दगावली. १९२९ साली धरण पुन्हा उभे राहिले आणि आजही ग्वाल्हेरची तहान तेच भागविते.

रुपेरी आगगाडी आणि तिघरा धरण यांची तुलना करणे वरवर पाहता विसंगत वाटेल. एकीकडे मेजवानीतील फजिती, दुसरीकडे प्राणहानी. परंतु दोहोंतून निघणारे धडे परस्परांना पुरे करणारे आहेत. पहिला धडा असा की निरोपाची वाट बिघडली तर निर्दोष यंत्रही वेड्यासारखे वागते. दुसरा धडा अधिक खोल आहे. कोणतीही पोच ही ज्या गोष्टीची घेतली असेल तेवढ्याच गोष्टीची असते. पाण्याची पातळी मोजण्याची व्यवस्था कितीही चोख केली तरी ती पाण्याचीच पातळी सांगणार. पायातील खडक काय म्हणतो ते ती सांगणार नाही. ते विचारावयास दुसरे साधन व दुसरा प्रश्न लागतो.

हे दोन धडे मनाशी धरून आता कारखान्यात शिरू.

अमेरिकेतील जॉन पार्सन्स नावाचा एक कारखानदार हेलिकॉप्टरची पाती तयार करीत असे. त्या पात्यांचे वळण इतके नाजूक, की कुशल कारागिराच्या हातालाही ते दर वेळी तंतोतंत साधत नसे. वळणावरील असंख्य बिंदूंचे आकडे आधी गणित करून काढावे आणि त्या आकड्यांबरहुकूम यंत्रानेच हत्यार चालवावे, ही कल्पना त्याच्यापासून निघाली. अमेरिकन वायुदलाने पैसा पुरविला आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली असे यंत्र चालवून दाखविण्यात आले. छिद्रे पाडलेल्या फितीवरून ते आकडे वाचीत असे. पुढे फितीच्या जागी संगणक आला आणि या यंत्रांस ‘सीएनसी’ हे नाव मिळाले. पुणे-पिंपरी, कोल्हापूर, नाशिक, औद्योगिक वसाहत कोणतीही असो, लेथ व मिलिंग या जातीची ही यंत्रे आज सर्वत्र आढळतात.

अशा यंत्राच्या प्रत्येक दिशेला एक सर्व्हो मोटर असते. संगणक आज्ञा देतो. ड्राइव्ह नावाची पेटी त्या आज्ञेप्रमाणे मोटरला वीज पुरविते. मोटर एक लांब स्क्रू फिरविते आणि स्क्रूबरोबर मेज सरकते. मोटरच्याच मागील टोकास एन्कोडर नावाचा लहानसा डोळा बसविलेला असतो. तो पोच देतो. त्याच्या चकतीवर बारीक रेघा असतात. समजा, २५०० रेघा आहेत. त्या पाहणारे दोन डोळे किंचित पुढेमागे ठेवलेले असतात. रेघ आधी कोणास दिसली यावरून फिरण्याची दिशा कळते आणि दोघांचे मिळून एका फेऱ्यात १०,००० खुणा मोजता येतात. स्क्रूच्या एका फेऱ्यात मेज १० मिलिमीटर सरकत असेल, तर एक खूण म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग झाला. संगणक क्षणोक्षणी आज्ञा आणि पोच यांची वजाबाकी करीत असतो. बाकी लहान असेल तर तो मोटरला थोडे पुढेमागे करून ती भरून काढतो. बाकी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर तो यंत्र थांबवितो व पडद्यावर दोषाचा क्रमांक झळकवितो. जयविलासच्या गाडीपाशी हाच शहाणपणा नव्हता. आपण सुटलो आहोत, हे तिला ठाऊक नव्हते.

दोषाचा क्रमांक झळकला की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो मोटर बिघडल्याचा. मोटर दिसते, जड असते, महाग असते. म्हणून दोषही तिचाच असावा असे वाटते. पुष्कळदा नवी मोटर बसविल्यावरही तोच क्रमांक पुन्हा झळकतो आणि मग यंत्रावरील कामगाराच्या हाताला दोष दिला जातो. वस्तुतः एन्कोडरची केबल ही बोटाएवढ्या जाडीची, लोंबती, दुर्लक्षित वस्तू. मेजाबरोबर ती दिवसातून हजारो वेळा वाकते. आतील एखादी तार तुटते आणि केबल सरळ असली की टोके भिडतात, वाकली की सुटतात. कापणीच्या वेळी हत्यारावर सोडलेले पाणीमिश्रित तेल कनेक्टरमध्ये झिरपते. चकतीवर धूळ अथवा तेलाची वाफ बसते आणि डोळ्याला रेघ दिसेनाशी होते. शंभर खुणा हरवल्या तर दहाव्या भाग मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीएवढा फरक पडतो. तेवढ्याने यंत्राचा सुटा भाग भंगारात जातो.

गोंगाट हा आणखी एक शत्रू. मोटरला वीज नेणारी जाड केबल आणि पोच आणणारी बारीक केबल एकाच नळीतून नेल्या, तर जाड केबलमधील विजेच्या झटक्यांनी बारीक केबलमध्ये खोट्या खुणा उमटतात. यावर उपाय म्हणून पोच आणणाऱ्या तारा जोडीने घालतात. एकीवरून खूण येते, दुसरीवरून तिचीच उलटी खूण. बाहेरचा गोंगाट शिरला तर दोन्ही तारांत सारखाच शिरतो. शेवटी एकीतून दुसरी वजा केली की गोंगाट नाहीसा होतो व खूण उरते. पुण्याच्या वाटेवरील जासूदजोडी येथे निराळ्या वेषात पुन्हा भेटते. या जोडीभोवती तारांच्या जाळीचे कवच असते. ते जमिनीशी नीट जोडलेले असावे लागते. ते सुटलेले असेल तर जोडीचे रक्षण अर्धेच होते.

दोष शोधण्याची रीत वैद्याच्या रीतीसारखीच आहे. आधी विचारावे, मग पहावे, मग हात लावावा. दोष केव्हा उद्भवतो? मेज एका विशिष्ट जागी आले म्हणजेच उद्भवत असेल तर वाकणाऱ्या केबलवर संशय घ्यावा. शेजारची मोठी मोटर चालू होताच उद्भवत असेल तर गोंगाटावर. सकाळी नाही पण तासाभराने उद्भवत असेल तर उष्णतेवर. जड काप घेतानाच उद्भवत असेल तर निरोप खरा असून ओझेच जास्त आहे, मेजाच्या घसरपट्टीला तेल मिळते की नाही ते पहावे. त्यानंतर वीज पूर्ण बंद करून, ड्राइव्हच्या पेटीत साठलेली वीज उतरण्यास यंत्राच्या पुस्तकात सांगितलेला वेळ देऊन, मग कनेक्टर उघडावा. उभ्या दिशेचे मेज वीज जाताच खाली घसरू शकते. त्याखाली आधार दिल्यावाचून कोणीही हात घालू नये. घाईने केलेल्या दुरुस्तीत बोटे गमावणाऱ्यांना हा नियम उशिरा कळतो.

एकसारख्या दोन दिशा असतील आणि यंत्राच्या पुस्तकात मुभा असेल, तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. दोन्हींच्या केबली परस्परांत बदलून पहाव्या. दोष केबलीबरोबर दुसऱ्या दिशेला गेला तर चोर केबलीत आहे. जागच्या जागी राहिला तर चोर अन्यत्र आहे. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलावी. तीन वस्तू एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर यंत्र सुधारले एवढेच कळते. काय सुधारले ते कळत नाही.

आणि शेवटी तिघराचा धडा येतो. कधी कधी पडद्यावर कोणताच दोष झळकत नाही, आज्ञा आणि पोच यांचा मेळ बिनचूक बसतो, तरीही तयार झालेला भाग मापात येत नाही. अशा वेळी मोटर आणि स्क्रू यांना जोडणारे कप्लिंग ढिले झालेले असते अथवा स्क्रू झिजलेला असतो. एन्कोडर मोटरच्या टोकास बसलेला असल्यामुळे तो मोटर किती फिरली तेवढेच सांगतो, आणि खरेच सांगतो. मेज कोठे आहे, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. म्हणूनच अचूक कामाच्या यंत्रांत मेजालाच मोजपट्टी जोडून पोच तेथून घेतात. ज्याची खात्री हवी त्याचीच पोच मागावी, हा साधा न्याय; परंतु तिघराच्या पायाने तो मोठ्या मोलाने शिकविला.

माधवरावांचे नाव धारण करणारी तंत्रशिक्षणाची संस्था ग्वाल्हेरात १९५७ सालापासून आहे. जयविलासच्या काही भागात १९६४ साली संग्रहालय झाले आणि ती रुपेरी गाडी आता प्रेक्षकांसाठी मेजावर उभी असते. लोक चांदीचे कौतुक करतात, झुंबरे पाहतात आणि पुढे जातात. त्यांच्यात एखादा यंत्रशाळेत शिकणारा मुलगा असेल, तर त्याने चांदीकडे न पाहता पात्र ठेवण्याच्या जागेकडे क्षणभर पहावे. पात्र उचलल्याची वार्ता गाडीला कोठून कळत असे आणि ती वाट बंद झाली तर काय घडेल, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारावा. उद्या कारखान्यात थांबलेल्या यंत्रापुढे उभे राहून कोणी कामगाराच्या हाताला दोष देऊ लागला, तर ‘आधी केबल तपासू’ असे म्हणण्याचे धैर्य त्याला त्या प्रश्नातूनच येईल.